दुसरी लेन्स वाइडच हवी

पहिला डिजिटल कॅमेरा घ्यायला आलेल्या माणसापुढे आपल्याकडचा दुकानदार बहुधा दोन लेन्सांचा संच ठेवतो. एक १८-५५ मिमीची, दुसरी ५५-२५० किंवा ७०-३०० मिमीची. पहिली रोजच्या वापराची, दुसरी दूरचे जवळ आणणारी. मग नवशिक्याची नजर आपोआप दूर जाते. झाडाच्या शेंड्यावरचा पक्षी, मैदानाच्या पलीकडचा फलंदाज, कोजागरीचा चंद्र. जवळ उभे राहून भोवतालचा पसारा एका चौकटीत कसा मांडायचा, हा छायाचित्रणातला निम्मा धडा त्या संचात नसतोच.

आमचे म्हणणे स्पष्ट आहे. नवशिक्याची दुसरी लेन्स वाइड अँगल असावी, ती स्वस्तातली घ्यावी आणि स्वस्तातली घेतली म्हणून मनात कमीपणा बाळगू नये. वाइड लेन्स आज परवडते, कारण तिची खरी किंमत आधीच्या पिढ्यांनी मोजून ठेवली आहे. हा हिशेब समजला की दुकानात काय मागायचे आणि कशाला नकार द्यायचा, हेही समजते.

अडचण मुळात जागेची आहे. कार्ल्याचे चैत्यगृह पाहा. दालनाची रुंदी सुमारे १४ मीटर, लांबी ३८ मीटरच्या आसपास. बाहेर तोंडाशीच एकवीरेचे देऊळ, त्यामुळे समोरून फोटो घेताना हवे तेवढे मागे जाता येत नाही. नवशिक्याच्या कॅनन कॅमेऱ्यावर १८ मिमीला १४ मीटर रुंदी चौकटीत बसवायची, तर निदान ११ मीटर लांब उभे राहावे लागते. १० मिमीला सव्वासहा मीटर पुरतात. मधले हे पाच मीटर ना गुहेत मिळतात, ना वाड्याच्या चौकात, ना चाळीच्या खोलीत. तिथे झूम कितीही लांब असली तरी उपयोग शून्य.

हा पेच छायाचित्रणाइतकाच जुना आहे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. अजिंठ्याची चित्रे रंगवण्यात उमेदीची वर्षे घालवलेल्या मेजर रॉबर्ट गिल यांनी पुढे कॅमेरा हाती घेतला. त्यांनी टिपलेल्या लेण्यांची ७४ छायाचित्रे जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह १८६४ साली लंडनला पुस्तकरूपाने निघाली. पाठीमागे भिंत आणि समोर खांबांची रांग, अशा जागी काम करणाऱ्या त्या पिढीच्या हाती अरुंद कोनाच्या लेन्स होत्या. पेट्झवालची १८४० ची नावाजलेली पोर्ट्रेट लेन्स तर सुमारे ३० अंशांपुरतीच नीट चाले. चेहऱ्याला ती पुरे, चैत्यगृहाला नाही.

कोन वाढवण्याची धडपड लगेच सुरू झाली. १८५९ साली थॉमस सटन या इंग्रजाने काचेचा पोकळ गोल पाण्याने भरून १२० अंश टिपणारी लेन्स केली, पण तिला वक्र काचपट्ट्या लागत. अशा पट्ट्यांवर रसायन चढवणे आणि मग त्यांवरून छापणे म्हणजे छायाचित्रकाराची सत्त्वपरीक्षा. १८६२ साली न्यूयॉर्कच्या हॅरिसन आणि श्निट्झर यांनी ‘ग्लोब’ लेन्सचे पेटंट घेतले. तिच्या बाहेरच्या दोन बाजू मिळून एक गोल पूर्ण होई. ती सपाट पट्टीवर चाले, इमारतींचे फोटो सरळ येत, मात्र मध्यभागी प्रकाशाचा डाग उमटे.

या सगळ्या खटाटोपाचा कळस १९०० साली झाला. बर्लिनच्या गोएर्झ कंपनीसाठी एमिल फॉन ह्योग याने ‘हायपरगॉन’ नावाची लेन्स रचली. तिच्यात अर्धगोलासारखी खोल वळलेली दोनच पातळ भिंगे होती आणि कोन १३५ अंश. रेषा वाकत नसत, पण एक गोष्ट निसर्गनियमानेच आडवी येई. मध्यापासून कडेकडे जाताना प्रकाश झपाट्याने घटतो. साध्या रचनेच्या लेन्समध्ये मध्यापासून ४५ अंशांवर तो पाव उरतो, तर हायपरगॉनच्या टोकाला, साडेसदुसष्ट अंशांवर, जेमतेम दोन टक्के. यावरचा उपाय पाहण्यासारखा होता. लेन्सच्या पुढ्यात दातेरी कडांची एक छोटी धातूची चांदणी बसवलेली असे. रबरी फुगा दाबून हवा सोडली की ती गरगर फिरे आणि मध्यभागाचा प्रकाश अडवून धरी. तेवढ्या वेळात कडा पुरेशा उजळून घ्यायच्या, मग चांदणी बाजूला पाडून एक्स्पोजर पूर्ण करायचे. अँपर्चर एफ/२२, म्हणजे हे सगळे तिपाईवर आणि न हलणाऱ्या वस्तूंपुढेच. आज १० मिमीच्या फोटोचे काळवंडलेले कोपरे संगणकात एका खुणेने उजळतात. त्या खुणेच्या जागी एकेकाळी फिरती चांदणी होती, हे माहीत असावे.

वाइड लेन्स मंद असते, तिच्या कडा थोड्या ढिल्या असतात, म्हणून ती दुय्यम, असे मानणाऱ्यांनी बिल ब्रँटचे उदाहरण आठवावे. या ब्रिटिश छायाचित्रकाराने दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस लंडनच्या एका दुकानातून जुना लाकडी कोडॅक कॅमेरा घेतला. असे कॅमेरे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिलाववाले घरसामानाच्या नोंदीसाठी आणि पोलीस गुन्ह्याच्या जागेच्या दप्तरासाठी वापरत. खोलीच्या कोपऱ्यात उभे राहिले की सगळी खोली टिपली जाई. अँपर्चर टाचणीच्या भोकाएवढे, फोकस ठरलेला, आणि काचेवर इतके अंधूक दिसे की चौकट अंदाजानेच बांधावी लागे. या जुन्या बाजारातल्या खोक्यातून ब्रँटने मानवी देहाची जी छायाचित्रे काढली, ती १९६१ साली ‘पर्स्पेक्टिव्ह ऑफ न्यूड्स’ या पुस्तकात आली आणि विसाव्या शतकातल्या महत्त्वाच्या कामात गणली गेली. जवळची वस्तू अवाढव्य आणि मागची खोली लांबच लांब, ही त्या लेन्सची खोड त्याने दोष म्हणून झाकली नाही, तीच आपली भाषा केली. त्याआधी १९४१ च्या ‘सिटिझन केन’मध्ये ग्रेग टोलंडने वाइड लेन्स आणि बारीक अँपर्चर वापरून खोलीच्या पुढच्या कडेपासून मागच्या दारापर्यंत सगळे स्पष्ट ठेवले होते. त्या चित्रपटात छत दिसते, याचेही मोठे श्रेय त्याच लेन्सला.

मग वाइड लेन्स महाग का राहिली? कारण एसएलआर कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये आरसा आला. आरशाला हलायला जागा हवी, म्हणून लेन्स फिल्मपासून दूर ठेवावी लागते. कॅननच्या ईएफ माउंटमध्ये हे अंतर ४४ मिमी, निकॉनच्या एफ माउंटमध्ये ४६.५ मिमी. जुन्या पद्धतीच्या वाइड लेन्सचे मागचे भिंग तर फिल्मला जवळजवळ टेकलेले. निकॉनने १९५९ साली २१ मिमीची लेन्स आणली, तेव्हा ती लावण्यापूर्वी आरसा वर उचलून कुलूपबंद करावा लागे आणि चौकट पाहायला वेगळा व्ह्यूफाइंडर बसवावा लागे. म्हणजे एसएलआर घेऊन त्याचा मुख्य गुणच गमवायचा.

सुटका केली ती उलट्या रचनेने. पुढे मोठे अंतर्वक्र भिंग, मागे प्रकाश एकवटणारी भिंगे, जणू दुर्बीण उलट्या बाजूने धरली आहे. टेक्निकलर सिनेकॅमेऱ्यांतल्या लोलकाला जागा मिळावी म्हणून ही युक्ती १९३० च्या दशकात वापरली गेली होती. स्थिर छायाचित्रणात ती रुजवली पॅरिसच्या पिएर आंजेन्यू यांनी १९५० च्या ३५ मिमी ‘रेट्रोफोकस’ लेन्सने. पण या रचनेत भिंगे वाढतात, पुढचे भिंग थोराड होते आणि दोष निस्तरायला आणखी भिंगे घालावी लागतात.

भिंगे वाढली की प्रकाश गळतो. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परततो. आजच्या स्वस्त वाइड झूममध्ये १४ भिंगे ११ गटांत बसवलेली असतात, म्हणजे हवा आणि काच २२ ठिकाणी भेटतात. लेप नसता तर आत शिरलेल्यापैकी ४० टक्क्यांच्या आसपासच प्रकाश सेन्सरपर्यंत पोचला असता आणि उरलेल्यातला बराचसा आतल्या आत उसळून फोटो धुरकट करत राहिला असता. हा लेप झाइसच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ साली शोधला. प्रकाशकिरणांचे गणित आधी लॉगॅरिथमच्या कोष्टकांवरून हाताने चाले. १९५३ साली वेट्झलारच्या लाइट्झ कारखान्यात कॉनराड त्सूझचा झेड-५ हा संगणक आला आणि त्या कामाला यंत्राचा वेग मिळाला. गोल नसलेल्या वळणाची भिंगे १९६६ च्या लाइका नॉक्टिलक्ससाठी कारागिराला हाताने घासावी लागली. पुढे तशीच भिंगे साच्यातून निघू लागली. लेप, संगणक आणि साचा, या तिघांनी मिळून वाइड लेन्सचा भाव उतरवला.

आणि नेमका तेव्हाच डिजिटल कॅमेरा आला. ऑगस्ट २००३ मध्ये कॅननने ईओएस ३००डी जाहीर केला आणि डिजिटल एसएलआर पहिल्यांदा हौशी माणसाच्या आवाक्यात आला. त्याचा सेन्सर २२.७ गुणिले १५.१ मिमी, ३५ मिमी फिल्मच्या चौकटीपेक्षा बराच लहान. त्यामुळे हौशी माणसाची जपून ठेवलेली २८ मिमीची लेन्स एका रात्रीत ४५ मिमीसारखी वागू लागली. पन्नास वर्षांत जे स्वस्त झाले होते, ते पुन्हा महाग झाले. लहान सेन्सरसाठी निकॉनने २००३ साली १२-२४, कॅननने २००४ साली १०-२२ आणली. टोकिना, सिग्मा, टॅमरॉन मागोमाग आल्या. लेन्स चांगल्या होत्या, पण निकॉनची १२-२४ घ्यायला साधारण एक कॅमेराच विकत घेण्याइतके पैसे लागत. या दहा वर्षांत नव्याने कॅमेरा घेतलेली एक अख्खी पिढी वाइडशिवाय शिकली. ज्या कंपन्यांनी नवशिक्यांना लाखो कॅमेरे विकले, त्यांनीच त्यांना इतका काळ रुंद कोनापासून दूर ठेवले, ही तक्रार रास्त आहे.

कोंडी फुटली २०१४ मध्ये. कॅननने ईएफ-एस १०-१८ मिमी एफ/४.५-५.६ आयएस एसटीएम आणली. अमेरिकेत तिची सुरुवातीची किंमत २९९ डॉलर होती, आधीच्या १०-२२ च्या निम्म्याहून कमी. वजन २४० ग्रॅम, माउंट प्लॅस्टिकचा, अँपर्चर माफक, पण हात हलला तरी सांभाळून घेणारी स्थिरीकरणाची सोय आहे. निकॉनने २०१७ साली १०-२० मिमीची एएफ-पी डीएक्स लेन्स त्याच धर्तीवर काढली, २३० ग्रॅमची. मिररलेस कॅमेऱ्यात आरसाच गेला, अंतर १६ ते २० मिमीवर आले आणि लेन्स आणखी आटल्या. कॅननची २०२३ ची आरएफ-एस १०-१८ अवघी १५० ग्रॅम आहे. तिच्या रचनेत रेषांचा वाकडेपणा काही प्रमाणात तसाच सोडला आहे, तो कॅमेरा आपल्या आकडेमोडीने सरळ करतो.

या इतिहासातून खरेदीसाठी जो धडा निघतो तो असा: पैसे कोनासाठी मोजा, अँपर्चरसाठी नव्हे. १० मिमीच्या लेन्सवर एफ/८ ठेवून पाऊण मीटरवर फोकस केला, तर सुमारे ३५-४० सेंटीमीटरपासून क्षितिजापर्यंत सगळे स्पष्ट येते. डोंगर, देऊळ, वाडा, बाजार, वारीचा रिंगणसोहळा, यांपैकी कशालाही एफ/२.८ ची गरज नाही. उलट कोनाचा एकेक मिलिमीटर इथे मोलाचा आहे. १० आणि १२ मिमीमध्ये कर्णावर सुमारे १० अंशांचा फरक पडतो. २५० आणि २५२ मिमीमधला फरक कोणाच्या लक्षातही येणार नाही. स्थिरीकरणाचेही तेच. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या लेण्यांत तिपाई लावायला वेगळी परवानगी लागते. तिथे ती सोय असेल तर पाव सेकंदाचा फोटोही श्वास रोखून हातात धरून घेता येतो. तेव्हा कॅनन ईएफ-एस असेल तर १०-१८, निकॉन डीएक्स असेल तर एएफ-पी १०-२०, हीच सरळ उत्तरे आहेत. मिररलेसवाल्यांनी कॅननची आरएफ-एस १०-१८ किंवा निकॉनची झेड डीएक्स १२-२८ पाहावी.

अपवाद एक आहे. ज्याला आकाशगंगा टिपायची आहे किंवा अंधाऱ्या रंगमंचापुढे हलती माणसे टिपायची आहेत, त्याला मोठे अँपर्चर लागतेच. त्याने सॅमयांगची हाताने फोकस करायची १२ मिमी एफ/२ किंवा वापरलेली टोकिना ११-१६ एफ/२.८ शोधावी. टोकिनात समोरून ऊन आले की प्रकाशाचे ठिपके उमटतात, पण रात्रीच्या आभाळाला त्याचे काय?

जुना माल घेताना डोळे उघडे ठेवावेत. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यातली दमट हवा लेन्सच्या आत बुरशी धरते. मोबाइलचा टॉर्च मागून मारून भिंगांतून पाहिले, तर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात. ते दिसले की किंमत कितीही कमी असो, परत द्यावी. विटांच्या भिंतीसमोर कॅमेरा अगदी समांतर धरून १० मिमीला, सर्वांत मोठ्या अँपर्चरवर एक फोटो घ्यावा आणि चारही कोपरे पडद्यावर मोठे करून पाहावेत. चारही सारखेच थोडे मऊ असतील तर चालेल. एकच कोपरा विस्कटलेला असेल, तर आतले भिंग सरकले आहे. माउंट जुळला म्हणजे सगळे जुळले, असेही नाही. निकॉनची एएफ-पी लेन्स डी९०, डी३१०० किंवा डी५००० वर चालत नाही. टोकिना ११-१६ च्या निकॉनसाठीच्या पहिल्या आवृत्तीत मोटर नाही, त्यामुळे निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकांवर तिचा फोकस हातानेच करावा लागतो. कॅननची ईएफ-एस लेन्स फुल फ्रेम डीएसएलआरला बसतच नाही. लेन्सच्या पुढे स्क्रूने बसवायचे स्वस्त ‘वाइड कन्व्हर्टर’ तर घेऊच नयेत. चांगल्या लेन्सची वाईट लेन्स करायचा तो हमखास मार्ग आहे.

घेण्याआधी एक काम फुकटात करता येते. किट लेन्स १८ मिमीवर चिकटपट्टीने पक्की करावी आणि काही आठवडे तेवढ्यावरच फोटो काढावेत. पाठ वारंवार भिंतीला टेकत असेल, तर वाइडची गरज खरी आहे. क्वचितच टेकत असेल, तर कॅमेरा उभा धरून, प्रत्येक फोटोत तृतीयांश भाग मागच्याशी जुळता ठेवून चार-पाच फोटो घ्यावेत आणि हगिन या मोफत सॉफ्टवेअरमध्ये जोडावेत. न हलणाऱ्या दृश्याला तेवढे पुरते. मोबाइलमध्येही आता अल्ट्रावाइड कॅमेरा असतो आणि कोन आपल्या उपयोगाचा आहे का, हे त्यावर पाहून घ्यावे. मात्र त्याचा सेन्सर इवलासा असतो. चैत्यगृहाच्या अंधारात खांबांमागचा काळोख आणि कमानीतले ऊन एकाच वेळी सांभाळायचे, तर मोठा सेन्सर आणि खरी लेन्सच हवी.

कंपन्यांकडेही मागणे आहे. २०२० नंतर कॅनन आणि निकॉन यांनी नवा डीएसएलआर आणलेला नाही, पण ते कॅमेरे लाखो घरांत चालू स्थितीत आहेत आणि त्यांच्यासाठीच्या या दोन स्वस्त लेन्स आता हळूहळू जुन्या बाजारापुरत्या उरणार. निदान त्यांचे सुटे भाग आणि दुरुस्ती पुढची काही वर्षे मिळत राहावी. मिररलेसच्या संचात तरी दुसरी लेन्स म्हणून वाइडचा पर्याय द्यावा. कोणती लेन्स कोणत्या कॅमेऱ्यावर पूर्ण चालते, हे खोक्यावरच ठळक छापावे. महाविद्यालयांच्या कॅमेरा क्लबांनी अशी एक लेन्स वर्गणीतून घेऊन आळीपाळीने वापरायला दिली, तर पन्नास मुलांचा प्रश्न एका खरेदीत सुटतो.

राहिले काम ती लेन्स हाती आलेल्या माणसाचे. कॅमेरा सपाट धरावा, नाहीतर इमारती मागे पडतात. माणसांचे चेहरे कडेला ठेवू नयेत, ते ताणले जातात. या लेन्स २२ सेंटीमीटरपर्यंत जवळ फोकस करतात, तेव्हा पुढ्यात सांगण्यासारखे काहीतरी ठेवावे. नाहीतर विस्तीर्ण आकाश आणि रिकामी जमीन यांपलीकडे फोटोत काही उरत नाही. चौकटीत जास्त मावावे म्हणून सटनपासून आजवर सगळे झगडले आणि तो प्रश्न त्यांनी आपल्यासाठी सोडवला. चौकटीत काय राहू द्यायचे आणि काय वगळायचे, हा प्रश्न मात्र आपल्याकडे आला आहे. त्याचे उत्तर तिप्पट किमतीच्या लेन्समध्ये मिळत नाही, ते सरावानेच येते. म्हणून स्वस्तातली घ्या आणि सराव आजच सुरू करा.